भिंतीपलीकडचा चेंडू

लिफ्ट दुरुस्त करणारे काका निवृत्त झाले आणि घर त्यांना खायला उठलं. बायको आधीच गेलेली. दारावरची बेल कधी वाजेचना, म्हणून बिघडली असेल असं समजून त्यांनी ती खोलून पाहिली. मेली ठणठणीत होती!

लेक फोनवर म्हणाली, "बाबा, गोल्फ शिका. चार माणसं भेटतील."

जवळून चेंडू उंच टोलवायच्या काठीला वेज म्हणतात, हे काकांना दुकानात कळलं. दुकानदाराने एक पुढे केली. "नवखे आहात, ही वाळूतून चेंडू काढायची, वाळूतली वेज घ्या. तळ रुंद आहे, चुका पोटात घालते."

"आणि ती?"

"ती सगळ्यात उंच उडवते. पण हात बसल्याशिवाय तिच्या वाटेला जाऊ नये."

उभा जन्म माणसं वर नेण्यात गेलेला. काकांनी तीच घेतली.

"चेंडू उचलायला जाऊ नका हो!" दुकानदार मागून ओरडला. "तुम्ही खाली मारा, वर ती नेईल!"

पण सवय जाते थोडीच? अंगणात काकांनी चेंडू खालून उचलायला मनगट वळवलं. काठीच्या टोकाच्या पात्याची धार चेंडूच्या मध्यावर बसली आणि तो बुटक्या भिंतीवरून सरळ शेजारच्या स्वयंपाकघरात घुसला.

बेल वाजली. चक्क वाजली! दारात शेजारच्या निवृत्त हेडबाई.

"अहो लिफ्टवाले, बरणी फोडलीत माझी!"

"चुकलं हो. बसा ना, चहा टाकतो."

"चहा प्यायला नाही आले मी!" असं म्हणत बाई दोन कप प्यायल्या.

पुढे किटलीला पोचा आला, मग कुंडी गेली. दर वेळी बाई तणतणत यायच्या, दर वेळी चहा व्हायचा. एकदा मात्र त्या कडाडल्या, "आता पोलिसांत जाईन हं!"

काका घाबरले. मुकाट्याने वाळूतली वेज आणली, खाली मारायला शिकले. चेंडू अलगद उठून अंगणातल्या बादलीत पडू लागला. झकास! आणि बेल गप्प. एका कपाचा चहा करताना काकांना रडू आलं.

अखेर एकदा बेल वाजली. हेडबाईच.

"इतक्या दिवसांत एक चेंडू नाही! आजारी पडलात की काय?"

"नाही हो. जमायला लागलंय."

"अस्सं," बाईंचा चेहरा पडला. वळता वळता म्हणाल्या, "बरण्या आवरून ठेवल्यात. खिडकी उघडीच असते."

काकांनी लगबगीने जुनी वेज काढली. पण हात आता असा बसला होता, की चेंडू काही केल्या बादली सोडेना. शेवटी त्यांनी तो खिशात घातला आणि जाऊन शेजारची बेल दाबली.