वगार येऊन पिते

तान्ही वगार मेली तेव्हापासून तिच्या आईने, भुरी म्हशीने, पान्हा चोरला होता. पोटुशी लेक वर्षाली माहेरी आलेली आणि घरात दुधाचा थेंब नाही, म्हणून कौशल्याचा जीव टांगणीला लागला होता. तशात एका पहाटे तिचा नवरा सूर्यभान भरली बकेट घेऊन आला.

"वगार येऊन पेली," तो हलकेच म्हणाला. "माह्या डोयानं पाह्यली. तू कोठ्याकडे फिरकू नोको. बाईमाणूस दिसलं का येत नाई ते."

तेव्हापासून कौशल्या पहाटे गोधडीतच पडून राही. गुरांच्या कोठ्यातून खुट्ट आवाज येई, मग बकेटीत धार वाजे. तिच्या अंगावर काटा येई. पण वर्षालीचा ग्लास भरत होता. ती रोज रात्री वगारीच्या रिकाम्या खुंट्यापाशी चतकोर भाकर ठेवी. सकाळी भाकर नसे. सूर्यभान हल्ली न्याहारी कमी करतो, एवढंच तिला जाणवलं होतं.

मग गुरांच्या दवाखान्यातून प्रतीक्षा डॉक्टर लाळ-खुरकताची लस टोचायला आल्या. भर दुपारी. त्यांनी सिरिंज भरून वर धरली मात्र, भुरीच्या चारही सडांतून आपोआप दूध टपकू लागलं. कोणाचा हात लागला नव्हता.

"काका, कधीपासून पान्ह्याची सुई टोचून राहिले हिले?" डॉक्टरांनी विचारलं.

"वगार येते न मॅडम..."

"सुई घेऊन येते का वगार?" कौशल्या म्हणाली. मग तिचा आवाज उतरला. "मॅडम, माही पोरगी हेच दूध पेते."

"दुधातून तिले अपाय होते असं काही दिसून नाई आलं, काकू. पण म्हशीचे हाल होतात. सुईची सवय लागली का सुईशिवाय पान्हवत नाई, पुढं गाभण राहाले तरास. म्हस अडली तं आमी स्वतः देतो हे हार्मोन. असं चोरून रोज टोचाले बंदी हाये, काका."

सूर्यभानने कोठ्यात लपवलेली औषधाची बाटली डॉक्टरांच्या पिशवीत गेली. त्याची सुई काढलेली रिकामी सिरिंज मात्र कौशल्याने पदराआड सरकवली. म्हैस सिरिंज नुसती पाहूनच पान्हवत असेल, तर वर्षालीचा ग्लासही भरेल आणि नवऱ्यालाही एकदा घाम फुटेल.

दुसऱ्या पहाटे सूर्यभान बकेट घेऊन म्हशीखाली बसला. मागून कौशल्या आली.

"आली का वगार?"

"काहून टोमणे मारतं व सकायी सकायी."

तेवढ्यात भुरीने मान वळवली. खुंट्यापाशी हवेतच ती जीभ फिरवू लागली, एखाद्याचं अंग चाटावं तशी. बकेटीत धार वाजली. सूर्यभानचे दोन्ही हात गुडघ्यांवर होते.

"तूच दाखोली न सिरिंज?" त्याने वळून पाहिलं. "कौशल्ये, तूच न?"

कौशल्याचा हात पदराआड होता. सिरिंज तिने अजून बाहेर काढलीच नव्हती.

"अजी," ती अगदी हळू म्हणाली, "तिची भाकर रोज तुमीच खाल्ली न?"