नव्या हातांचे तात्या

तुम्ही रोज ज्या पाटावर बसून जेवता तो कुणी केला, सांगता येईल? येणार नसेल तर आमच्या तात्यांना जेवायला बोलवू नका.

तात्या म्हणजे सांगलीतले आमचे शेजारी, निवृत्त ड्रॉइंग मास्तर. पंगतीत बसण्याआधी ते पाट उलटा करून बघतात. आमच्या आतेबहिणीच्या लग्नात यजमान घाबरून धावत आले, पाटात काही खोट आहे का म्हणून. तात्या म्हणाले, "पुढून सगळेच बरे दिसतात हो. पाठ बघू द्या." सुतार मिरजेचा एक नवखा गडी निघाला आणि मांडवाच्या मागे बसलाय असं कळलं. तात्या पान सोडून त्याच्याकडे गेले. इकडे अख्खी पंगत भाताकडे बघत बसली.

मला त्यांचा राग यायचा. मी पत्रकांवर वाढलेला माणूस. बेचाळीसच्या चळवळीत ती वाटली, नंतर लिहिली, आणि अजूनही खिशात एखादं असतंच. स्वराज्य दाराशी आलेलं, आणि हा माणूस पाट उलटे करत हिंडतो! एकदा तसं तोंडावर बोललो. तात्या शांतपणे म्हणाले, "येऊ दे की. आल्यावर त्याला बसवणार कशावर?" मी खिशातलं पत्रक आणखी आत सारलं.

दर दिवाळीनंतर तात्या आपल्या घराच्या पुढच्या सोप्यात प्रदर्शन मांडतात. नावाजलेल्या कारागिराला तिथे मज्जाव. हात नव्याने बसू लागलेला हवा, डोक्यात काहीतरी स्वतःचं हवं, आणि करणाऱ्याने आपल्या वस्तूशेजारी बसून लोकांशी बोललं पाहिजे. कुंभाराच्या पोराची दोन तोंडांची सुरई मी तिथेच पाहिली. ती दोन्ही तोंडांनी सांडते, पण तात्या तिचं कौतुक असं करतात, जणू पाणी सांडण्यासाठीच असतं.

असल्या माणसांच्या शोधात ते सर्व्हिस मोटारीने गावोगाव फिरतात. गेल्या वर्षी मलाही वडूजच्या बाजाराला ओढून नेलं. तिथे त्यांना एक घोंगडं दिसलं. काळं कुळकुळीत, पण काठाला पांढऱ्या लोकरीच्या पायऱ्या चढत गेलेल्या. असा काठ मी तरी पाहिला नव्हता. वीण उजेडात बघायची म्हणून तात्या भर रस्त्यात उताणे झाले आणि घोंगडं तोंडावर ओढून घेतलं. लोकांना वाटलं, म्हाताऱ्याला फीट आली. एकाने चटकन पायातली चप्पल काढून त्यांच्या नाकाला लावली. तात्यांनी ती हातात घेतली, उलटी केली आणि विचारलं, "ही कुणी शिवली?"

घोंगड्याचा माग काढत आम्ही जवळच्याच गावात धोंडीबांच्या घरी पोचलो. बाहेर धोंडीबा राखणीला बसल्यासारखे बसलेले, आणि आत जमिनीतल्या मागाच्या खड्ड्यात त्यांची तरुण सून हौसा. या धंद्यात बायांनी सूत कातायचं, चिंचोक्यांची खळ लावायची. मागावर बसायचं पुरुषांनी. धोंडीबा ओशाळून म्हणाले, पोरगा मिलिटरीत आहे, आपले गुडघे गेले, म्हणून ती बसते. पोरगा सुटून आला की उतरेल. हौसाने आडव्या धाग्याचा धोटा जरा जोरात फेकला.

प्रदर्शनाला दोघं आली. लोकांची गर्दी त्या घोंगड्याभोवतीच होती. जो तो विचारी, कुणी विणलं? आणि धोंडीबा प्रत्येकाला सांगत, "माझ्या पोरानं." हौसा खाली मान घालून काठाची घडी घालत होती, मोडत होती, पुन्हा घालत होती.

माझं रक्त तापलं. स्त्रियांच्या हक्कांवरचं माझं अर्धं भाषण घशाशी आलं होतं. तात्यांनी माझ्या हातात चहाची किटली दिली आणि धोंडीबांना आत स्वयंपाकघरात नेलं. मी किटली घेऊन मागे गेलो.

तात्या ओरडले नाहीत. त्यांच्यासमोर जमिनीवर बसून म्हणाले, "धोंडीबा, या घरातल्या प्रत्येक वस्तूमागचं माणूस मला माहीत आहे. पण संध्याकाळी दिवा लावला की त्यातलं एकही इथे नसतं. बायको गेल्यापासून मी सुरईशी बोलतो. तुमच्या घरात जितंजागतं माणूस आहे, आणि तुम्ही त्यालाच गप्प बसवता?"

धोंडीबांनी चुलीतलं लाकूड आत सारलं. मग म्हणाले, "माग एकच हाय, तात्या. पोरगा आल्यावर कुनी बसायचं?"

"दुसरा खड्डा खणू."

"कोन खणनार?"

"मी."

धोंडीबांनी तात्यांच्या मनगटांकडे पाहिलं. "तुमी खणलासा, तर तुमाला वर काढायला मानसं बोलवावी लागतील."

धोंडीबा बाहेर गेले. एक वकीलसाहेब घोंगडं चाचपत होते. कुणी विणलं, त्यांनी विचारलं. धोंडीबा म्हणाले, "मला काय इचारतासा? सून बसलीया की. तिनंच इणलंय." हौसाने मान वर केली. पांढरी लोकर कुठल्या मेंढीची इथपासून तिने सुरुवात केली, आणि वकीलसाहेबांना अर्धा तास तोंड उघडता आलं नाही.

तात्या खरंच खड्डा खणायला गेले. खणला तो सुटून आलेल्या पोरानेच. तात्या काठावर बसून सूचना देत होते. दोन दिवसांसाठी गेलेला माणूस दहा दिवसांनी परतला, थोडा जाड होऊन. आता त्या खोलीत दोन माग समोरासमोर चालतात.

यंदाचं प्रदर्शन जवळ आलं आहे. स्वराज्यावर, हक्कांवर मी पुष्कळ आवाहनं लिहिली. हे त्यांच्याहून लहान आहे, पण मनापासूनचं आहे. सांगलीला या. वस्तू हातात घ्या, पाठ बघा, करणाऱ्याला त्याचं नाव विचारा. आणि बघून झालं की लगेच उठू नका. तात्यांनी दिवा लावल्यावरही घटकाभर बसा.