वामनमास्तरांचं अचानक

वामनमास्तरांनी मला फसवलं. एकदा नव्हे, कित्येक वर्षं, आणि तेही माझ्याच गाडीत बसून.

मला ओळखणाऱ्यांचा यावर विश्वास बसणार नाही. सायकलवर नटबोल्ट विकत मी धंदा सुरू केला आणि हुबळीबाहेर तारिहाळात स्वतःच्या कारखान्याची शेड उभी केली. लोखंडाच्या व्यापाऱ्यापासून शेंगावालीपर्यंत, सांगितलेल्या भावात मला आजवर कोणी काही विकू शकलेलं नाही. अशा माणसाला एका निवृत्त ड्रॉइंग मास्तरानं फसवावं! ज्याला बाजारात वांगी निवडून घेता येत नाहीत, त्यानं!

मास्तर हुबळीत देशपांडे नगरात आमच्या शेजारी राहतात. उंच, थोडे वाकलेले, खांद्याला कापडी पिशवी. लग्न केलं नाही. आई होती, ती गेली. तोंडात सदा एकच शब्द, अचानक. ठरवून फिरायला जाणारा माणूस त्यांच्या हिशेबी आजारी.

मी उलटा. मी सहलीला निघालो की कुठं थांबायचं, कुठं जेवायचं, कुठल्या पंपावर हवा भरायची, सगळं आदल्या दिवशी पक्कं. मास्तर माझ्याकडं दयेनं बघायचे. "शंकरअप्पा, तुम्ही फिरायला जाता की माल पोचवायला?"

म्हणून एकदा म्हटलं, बघू तुमचं अचानक. रविवारी सकाळी मास्तर, मी आणि माझी बायको शकू, तिघं माझ्या जुन्या फियाटमध्ये बसलो. कुठं जायचं विचारायचं नाही, ही अट. फाटा आला की मास्तर गाडी थांबवायला लावायचे. खाली उतरायचे, बोट तोंडात घालून ओलं करायचे आणि वर धरायचे. "वारा डावीकडं जायलाय. चला डावीकडं."

मागून ट्रकवाले शिव्या घालायचे. मास्तरांचं बोट वरच.

आणि काय सांगू, पहिली खेप सोडली तर तो वारा कधी चुकला नाही. यल्लापूरच्या पुढं एकदा त्यानं आम्हाला रानातल्या पायवाटेवर नेलं. मास्तर पुढं चालत होते. एकदम आमच्याकडं वळले आणि ओरडले, "अरेच्चा! धबधबा!" धबधबा त्यांच्या पाठीमागं होता आणि आम्हाला तो दिसायला अजून एक वळण बाकी होतं. मी म्हटलं, आवाज ऐकला असेल.

त्याच दिवशी परतताना सुपारीच्या बागेत एक घर दिसलं. मास्तर म्हणाले, "अचानक जाऊन पाणी मागू." दार वाजवायच्या आत दार उघडलं. आतल्या आजींनी केळीची पानं मांडली होती, तीन. दोन पानांवर भात, आणि तिसऱ्यावर साबुदाण्याची खिचडी. त्या दिवशी संकष्टी होती आणि शकूचा उपास. शकूच्या डोळ्यांत पाणी आलं. "देवच बघतोय हो आपल्याकडं," ती म्हणाली. मास्तर खाली मान घालून ताक पीत होते.

शकूला मात्र अधूनमधून शंका यायची. पावसाळ्यात तिनं निघताना विचारलं, "मास्तर, कुठलं लुगडं नेसू?"

"जुनं नेसा अक्का. अचानक घसरायला होतं."

आणि ती घसरली. मी मास्तरांना कोपरापासून हात जोडले.

पण माझा खरा आनंद निराळा होता. मास्तरांबरोबर असलो की माझ्या जिभेला धार यायची. गुळेदगुड्डला खणांच्या दुकानात मी सांगितल्या भावाच्या निम्म्यानं मागितलं. दुकानदार "आगूदिल्ल री, परवडत नाही" म्हणाला. मी आवाज चढवला. त्यानं कपाळाला हात लावला, छताकडं बघितलं आणि माल बांधून दिला. बनशंकरीच्या देवळाबाहेर टोपलीत भाकरी विकणारी म्हातारी माझ्यापुढं हरली, दांडेलीत लाकडी खुर्चीवाला हरला. तारिहाळात मी चहाच्या टपरीवर हे सगळं रंगवून सांगायचो. ठरवून गेलं की समोरचा सावध असतो, असा सिद्धान्तही मी काढला. शेडमधलं वेळापत्रक फाडून टाकलं. खरेदीला जायचं ते अचानक! दोन लोखंडवाल्यांनी मला त्या काळात चांगलंच सोलवटलं, पण मी म्हटलं, वारा पडला असेल.

मग सांगलीहून मेव्हणा आला. हा कचेरीतला माणूस, आंघोळीलाही घड्याळ लावून जाणारा. मी कशा भावात काय आणलं हे शकूनं त्याला पत्रांतून कळवलं होतं, आणि त्याचा विश्वास नव्हता. "चल दाखवतो," म्हणालो. मास्तरांना सर्दी झाली होती, म्हणून त्यांना न सांगताच दोघं निघालो. फाट्यांवर मीच बोट धरलं. पहिल्या फाट्याला दगडाच्या खाणीत पोचलो, दुसऱ्याला एका लग्नाच्या मांडवात. तिथं आम्हाला मुलाकडचे समजून पाय धुतले, मग मुलीकडचे समजून वाढपाला उभं केलं. मेव्हणा फक्त घड्याळ बघत होता.

शेवटी रस्ता विचारत गुळेदगुड्डला पोचलो. तेच दुकान, तोच दुकानदार. मी निम्म्यानं मागितलं.

"आगूदिल्ल री."

मी आवाज चढवला. त्यानं कपाळाला हात लावला नाही. मी आणखी चढवला. बाहेर माणसं जमली. दुकानदार पुढं वाकून हळूच म्हणाला, "सावकार, या वेळी तुमचे मास्तर गुरुवारी आले नाहीत हो. ते येऊन गेल्याशिवाय मला कसं जमेल?"

"कोण मास्तर? कुठला गुरुवार?"

त्यानं गल्ल्याखालून एक कागद काढला. त्यावर पेन्सिलीनं माझं चित्र होतं. तोंड उघडं, मिशा फुललेल्या, बोट समोरच्याच्या नाकाशी. "तुम्हाला ओळखता यावं म्हणून देऊन गेलेत. रविवारी येतील, ओरडतील, भिऊ नका म्हणाले. आधी नाही म्हणा, मग कपाळाला हात लावा, मग देऊन टाका. वरचं जे काय ते मी देतो म्हणाले."

मेव्हण्यानं चित्र हातात घेतलं, उजेडात धरलं. दिवसभरात पहिल्यांदाच तो मनापासून बोलला. "भावजी, हुबेहूब आलंय."

परतताना मी बनशंकरीला गाडी थांबवली. भाकरीवाल्या म्हातारीनं टोपलीच्या फडक्याखालून तसलाच कागद काढला. तिच्या चित्रात मी हातात भाकरी धरून ओरडत होतो.

हुबळीला आलो तो तडक मास्तरांच्या घरात शिरलो. मास्तर डोक्याला मफलर बांधून काढा पीत होते.

"मास्तर! तुम्ही गुरुवारी जाऊन सगळं ठरवून येत होता?"

मास्तरांनी पेला खाली ठेवला. "कोण बोललं?"

"माझं तोंड बोललं! गावोगावी टांगून ठेवलंय तुम्ही!"

"टांगलं नाही हो. फक्त दिलं."

"आणि ते बोट? तो वारा?"

"वारा वाहतोच की कुठं तरी," मास्तर म्हणाले.

मी त्यांना नाही नाही ते बोललो. सगळ्या जिल्ह्यात माझं हसं केलं म्हणालो. एकही सौदा मी जिंकलेला नाही, तुम्ही मला भीक घातलीत म्हणालो. यापुढं तुमचं पाऊल माझ्या गाडीत पडणार नाही, हेही म्हणालो.

मास्तरांनी मफलरचं टोक बोटाला गुंडाळलं. मग म्हणाले, "शंकरअप्पा, अगदी पहिल्यांदा आपण सौंदत्तीकडं गेलो होतो. खरंच न ठरवता. तुम्ही हॉटेलवाल्याशी भांडलात आणि धरण न बघताच गाडी परत फिरवलीत."

"दह्याचे वेगळे पैसे मागितले त्यानं!"

"मागितले की. पण येताना गाडीत कोणी बोललं नाही. अक्का खिडकीबाहेर बघत होत्या. मला वाटलं, झालं, आता हे परत नेणार नाहीत. म्हणून मग मी आधी जाऊन यायला लागलो. तुम्ही जिंकलात की घरी येईपर्यंत गाणं म्हणता."

"मग एकट्यानं बघून झालं होतं ना सगळं? परत आमच्याबरोबर कशाला यायचं?"

"गुरुवारी बघतो हो मी," मास्तर म्हणाले. "पण धबधब्यापुढं उभं राहिलं की काय करायचं कळत नाही. आई होती तेव्हा घरी येऊन सांगायचो. आता कुणाकडं वळून अरेच्चा म्हणायचं?"

मी उठून निघून आलो. दुसरं काय करणार?

त्याला आता महिना होत आला. मास्तर दार लावून बसलेत. शकू रोज भाजी देऊन येते आणि माझ्याशी बोलत नाही. मास्तर छापलेलं सगळं वाचतात, शेंगांची पुडीसुद्धा उलगडून वाचतात, म्हणून इथं लिहितोय. सौद्यांचं मी बघून घेईन. गुळेदगुड्डवाल्याशी मी पुन्हा भांडणार आहे, या वेळी स्वतःच्या बळावर.

पण मास्तर, एक गोष्ट मी सोडणार नाही. इतके गुरुवार तुम्ही बसमध्ये उभ्यानं गेलात, रानात एकटे हिंडलात, अनोळखी आजींच्या ओसरीवर बसून शकूच्या उपासाचं सांगून आलात. त्या प्रत्येक गुरुवारी माझी गाडी दारात उभी होती, आणि मीही. आपल्या दोन घरांमध्ये एक कुंपण आहे, ते सुद्धा मोडकं. नुसती हाक मारली असती तर मी आलो असतो. का नाही मारली? मास्तर, याचं उत्तर मला पाहिजे, आणि ते माझ्या दारात येऊन, माझ्या तोंडावर दिलं पाहिजे.