उभ्या गाडीच्या थरथरीबाबत

ज्या समाजाला ऐकता येते, तोच समाज प्रगती करतो. आमच्या नाशिकच्या सिडकोतल्या सोसायटीत कुणी कुणाचे ऐकत नाही. मात्र गाडीचे बॉनेट उघडले की सगळे कान देतात.

आमची गाडी दोन लाख अडतीस हजार किलोमीटर चाललेली आहे. चालताना ती अत्यंत सभ्य असते. उभी राहिली, की हुडहुडी भरल्यासारखी थरथरते आणि आतून ‘टक-टक-खर्र’ असा आवाज येतो. गॅरेजवाल्या दत्तूसमोर मात्र ती चकार शब्द काढत नाही. शेवटी दत्तू म्हणाला, “काका, तुम्हीच तोंडानं आवाज काढून दाखवा.” मी दाखवला. त्याने मला छातीचा डॉक्टर सुचवला.

आज कळवणला ज्ञानेशचा, म्हणजे माझ्या बायकोच्या बहिणीच्या मुलाचा, साखरपुडा आहे. साडेअकराचा मुहूर्त. नवरीची अंगठी सराफ बाजारातून आम्हीच आणलेली, ती प्रतिभाच्या, म्हणजे आमच्या हिच्या, पर्समध्ये. आम्ही पोहोचल्याशिवाय कळवणमध्ये कुणाच्याही बोटाला काही होणार नाही.

साडेसातला मी गाडी सुरू केली. ती थरथरली. मी बॉनेट उघडले, आणि इथेच चुकलो.

सातपूर-अंबडच्या कारखान्यांतून निवृत्त झालेला प्रत्येक नाशिककर इंजिनाचा जाणकार असतो. (मोतीराम तात्यांची अठ्ठावीस वर्षे कारखान्याच्या कॅन्टीनमध्ये गेली; पण कारखाना इंजिनांचाच होता.) सहाव्या मिनिटाला अकरा जाणकार जमले. तिघे हातात चहाचा कप घेऊन आले होते, एक गालावर दाढीचा फेस घेऊन.

मी किल्लीला हात लावताच तात्या ओरडले, “बंद नका करू! पेशंट बोलतोय, बोलू द्या!”

पेशंटला बोलू देण्यात आले. मते पुढीलप्रमाणे पडली: प्लग गेला – चार. इंजिन ज्या रबरांवर बसते ती गेली – तीन. उंदीर – दोन. गाडीचे तोंड दक्षिणेला लावता – एक. मुळात ही गाडी घ्यायलाच नको होती – एक. (हे मत २०११ साली, गाडीला हार घालतानाही याच सदस्याने दिले होते. सातत्य वाखाणण्याजोगे आहे.)

जाणकार मंडळी इंजिनाला लांब स्क्रू-ड्रायव्हर टेकवून त्याचे दुसरे टोक कानाला लावतात. तो कुणाकडेच नव्हता, म्हणून मंगलाबाईंनी पहिल्या मजल्यावरून पळी टाकली. तात्यांनी पळीतून बराच वेळ ऐकले, मग ती नाकाला लावली आणि म्हणाले, “कालची आमटी.” सकाळभरात बरोबर आलेले हे पहिले निदान.

प्रतिभा जिन्यात पैठणी सावरत उभी होती. “अहो, निघायचंय ना? ताईचे चार फोन येऊन गेले.”

“वहिनी, दोनच मिनिटं,” प्लगवाले किशोरराव म्हणाले. “वणीच्या पुढं बंद पडली तर कुणाला हाका मारणार?”

“राहू द्या मग साखरपुडा. थेट बारशालाच जाऊ आम्ही!”

सभेने या सूचनेची नोंद घेतली.

नऊ वाजता ठराव झाला तो असा: ज्याअर्थी सदर गाडी चालताना थरथरत नाही व उभी राहिल्यावरच थरथरते, त्याअर्थी दोष गाडीत नसून थांबण्यात आहे. सबब मालकाने कळवणपर्यंत कोठेही थांबू नये. सिग्नल लाल असल्यास चौकाला प्रदक्षिणा घालत राहावे. कार्यालयासमोर वेग कमी करून अंगठी खिडकीतून द्यावी. नवरीने गाडीबरोबर थोडे चालावे. सर्वानुमते मंजूर. (सूचक: फेसवाले सदस्य. फेस आता वाळला होता.)

आणि काय सांगू! ठराव वाचून होतो न होतो तोच इंजिनाने एक उचकी दिली आणि थरथर थांबली. आवाजही थांबला. पार्किंगमध्ये नुसती शांतता. “हातगुण लागतो याला!” तात्या म्हणाले. टाळ्या झाल्या, अभिनंदनाचा ठराव झाला.

प्रतिभा पुढे आली. तिने किल्ली एकदा फिरवली, पुन्हा फिरवली, मग आत वाकून पाहिले.

“दीड तास सुरू ठेवून ऐकलंत,” ती म्हणाली. “पेट्रोल संपलं. अकरा जणांनी इंजिन बघितलं, काटा एकानंही नाही बघितला.”

अकरापैकी नऊ जणांना तत्काळ घरची कामे आठवली.

वाचकहो, आपणही केव्हापासून मनातल्या मनात ‘प्लगच असणार’ म्हणत आहात, हे मी जाणतो. आपले मत बारावे म्हणून नोंदवले आहे. काट्याची चौकशी आपणही केली नाहीत, त्याबद्दल रागावत नाही. ताईचा पाचवा फोन वाजतो आहे, तेव्हा एवढेच विचारतो: घरात एखादी रिकामी बाटली आहे का? झाकणासकट.