आधी हाड, मग रॉड

नऊ नोव्हेंबर, रविवार. काम: तिसऱ्या मजल्याचा पॅसेज मोकळा करणे. गुरुवारी आगीच्या बंदोबस्ताची तपासणी होती आणि सोसायटीची सेक्रेटरी मी.

दहा वाजेपर्यंत फुटक्या कुंड्या, एक पाळणा, दोन गाद्या आणि कुणाच्या तरी गणपतीचं जुनं मखर एवढं खाली गेलं. उरली परबकाकांची सायकल. आमच्या नायगावच्या इमारतीत ती तीन वर्षं जिन्याशेजारी स्टँडवर टांगलेली होती. तिला पुढचं चाक नव्हतं, कारण चाक धरायला चिमटा नव्हता. आणि चिमटा नव्हता, कारण कुठला लावायचा ते काकांचं ठरत नव्हतं.

"काका, आज ही हलणार," मी म्हटलं.

"पेशंट टेबलावर आहे, सेक्रेटरीबाई," काका म्हणाले.

परबकाका परळच्या एका हॉस्पिटलात हाडांच्या ऑपरेशन थिएटरला होते. सर्जनने न बघता हात पुढे केला की त्यात नेमकं हत्यार ठेवायचं, हे त्यांचं आयुष्यभराचं काम. रिटायर झाले तरी थिएटर सुटलेलं नाही. सायकलला हात लावायचा तर अंगात विटका हिरवा गाऊन, स्टुलावर हिरवं फडकं, फडक्यावर पाने-पकडी ओळीने. सुरू करताना मोजायच्या, संपल्यावर मोजायच्या. पुसायच्या चिंध्यासुद्धा. एकदा खालचा सायकलवाला शब्बीर मदतीला आला होता, तेव्हा सात चिंध्यांतली एक कमी भरली. काकांनी त्याला तासभर जाऊ दिलं नाही.

"काका, चिंधी है, किडनी नहीं," शब्बीर वैतागून म्हणाला.

"पोटात चिंधी राहिली तर कोण जबाबदार?" काकांनी विचारलं. चिंधी शेवटी शब्बीरच्याच खिशात निघाली. तेव्हापासून जाताना तो आधी खिसे उलटे करून दाखवतो.

सायकल मूळची काकांच्या थिएटरातल्या मोठ्या सर्जनसरांची. त्यांनी तरुणपणी परदेशातून आणली, डोंगरात चालवली, आणि स्वतःचेच गुडघे गेल्यावर काकांना देऊन टाकली. आणली तेव्हा तिला शॉकपवाला, म्हणजे खड्ड्यात दबून धक्का खाणारा चिमटा होता, पण त्याच्या आतलं रबर जुन्या खोडरबरासारखं चुरा होऊन पडलं. सांगाडा मात्र टायटॅनियमचा. काकांनी तो भांड्यांच्या घासणीने सहा महिने घासला. "हाच धातू आम्ही अख्ख्या गिरणगावाच्या मांड्यांत बसवलाय," ते येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगत. "गंजत नाही, रुसत नाही. माणूस जातो, रॉड राहतो." दूधवाल्याला हे तोंडपाठ आहे.

चिमट्याचं घोडं मात्र अडलं. कारण काकांचा एक नियम आहे: आधी हाड, मग रॉड. हाड मोजल्याशिवाय रॉडचा डबा उघडायचा नाही. हा नियम त्यांनी सोसायटीच्या पाण्याच्या पंपाला लावला, माझ्या भाचीच्या लग्नालाही लावला. ("मुलगा चांगला आहे गो, पण तिला लांब पडेल.") नवे चिमटे मोठ्या चाकांचे, त्यांची वरची नळी या सांगाड्यात जात नाही. लांब चिमटा लावला तर सायकल उंटासारखी नाक वर करून चालते. शिवाय आत हवा की स्प्रिंग, आणि ती किती कडक, हे चालवणाऱ्याच्या वजनावर. म्हणून काका दिसेल त्याचं वजन विचारायचे. मला तीनदा विचारलं. तिसऱ्यांदा मी मेंटेनन्सच्या पावतीमागे लिहून दिलं, 'सांगणार नाही'.

या चिमट्यावर चर्चा चालायची ती रविवारी संध्याकाळी साडेपाचला. त्यांचा मुलगा संदेश कॅनडात असतो. काकांच्या घरात फोनला रेंज येत नाही, जिन्यापाशी येते, त्यामुळे स्पीकरवरचं सगळं माझ्या स्वयंपाकघरात ऐकू येतं. काकू होत्या तेव्हा बोलायचं खातं त्यांच्याकडे होतं. त्या गेल्यावर बापलेकांचं संभाषण असं:

"जेवलात?"

"जेवलो. तिथे थंडी?"

"आहे. गोळ्या?"

"घेतल्या."

"बरं, ठेवतो."

मग सायकल आली. आता तास तास चालायचं. हवेचा बरा, स्प्रिंगचा बरा, बाबा तुमचं माप चुकलंय, अरे तुझ्या जन्माआधीपासून मापं घेतोय मी. संदेश फोटो पाठवायचा आणि काका प्रत्येकात खोट काढायचे.

तर त्या रविवारी काका पेशंट हलवू देईनात. पण मीही तयारीने गेले होते. महिन्याभरापूर्वी शब्बीरला स्वयंपाकघरातून ऐकलेली सगळी मापं कागदावर लिहून देऊन कामाला लावलं होतं. त्याने मोडीत निघालेल्या एका सायकलचा शॉकपवाला चिमटा शोधला, आतली रबरं नवी घातली आणि बरोबर अकराला वर आणला.

काकांनी तो तीनदा मोजला. नळी बरोबर, लांबी बरोबर, ब्रेकच्या खुंट्यासुद्धा जागच्या जागी. चौथ्यांदा मोजायला लागले तेव्हा शब्बीर म्हणाला, "काका, पत्रिका जुळली. आता अक्षता टाका."

काकांनी माझ्याकडे पाहिलं. गाऊन चढवला.

दोनपर्यंत सायकल दोन्ही चाकांवर उभी होती. मजल्यावरच्यांनी टाळ्या वाजवल्या, शब्बीरने खिसे उलटे केले, मी डायरीत तिसऱ्या मजल्यापुढे बरोबरची खूण केली. काम तडीस गेलं की मला बरं वाटतं.

साडेपाचला मी आमटीच्या फोडणीला तेल ठेवलं आणि फोन वाजला.

"फोटो बघितला बाबा. मस्त. झाली एकदाची."

"झाली."

मी तेलात मोहरी टाकली.

"जेवलात?"

"जेवलो. तिथे थंडी?"

"आहे. गोळ्या?"

"घेतल्या."

"बरं, ठेवतो."

माझी मोहरी अजून तडतडली नव्हती.

गॅस बंद करून मी दार उघडलं. काका स्टुलावर बसले होते. मांडीवर हिरवं फडकं, त्यावर पाने ओळीने. काम तर दुपारीच संपलं होतं.

"जुळले?" मी विचारलं.

"जुळले. दोनदा मोजले." त्यांनी फडक्याची घडी घातली. "पेशंट घरी जायला मोकळा."

सोमवारी सकाळी सातला मी ओढणी कमरेला बांधली, काकांकडून सायकल मागून घेतली आणि आवारात दोन फेऱ्या मारल्या. लोण्यासारखी चालली. वर जाऊन काकांची बेल वाजवली.

"काका, ही पुढून दबते."

"शक्य नाही."

"माझं वजन अठ्ठ्याहत्तर आहे. लिहून घ्या."

काकांनी माझ्याकडे बराच वेळ पाहिलं. मग आत जाऊन पेन्सिल आणली.

"अठ्ठ्याहत्तर," त्यांनी लिहिलं. "मग ही रबरं मऊ पडणार. संदेशला विचारायला हवं. आणि ब्रेक?"

"ब्रेकचं तर बोलूच नका. पण पॅसेजमध्ये नाही हं, काका. खाली सोसायटीच्या ऑफिसात. तिथे रेंजही पूर्ण येते."

ते गाऊन शोधायला आत गेले. मी खाली येऊन ऑफिसचं कुलूप काढलं, खुर्च्या भिंतीला लावल्या आणि टेबल रिकामं केलं.