हिरव्या तोंडाचं लायसन

या, बसा इथं. घाई असली तरी बसा. माझं तोंड सरकारदरबारी हिरवं कसं झालं ते सांगतो, ऐकल्याशिवाय उठू देणार नाही.

तीस वर्षं क्रेन चालवली. लायसन संपत आलं. मालक म्हणाला, "महिनाअखेर नवं दाखव, नाहीतर किल्ली टेबलावर ठेव." कचेरीचा नवा नियम निघालेला. फोटो ज्यानं त्यानं स्वतःच काढायचा, तोही घरात. भिंतीवर सावली नको, तोंडावर चमक नको.

मी मोबाइलवर काढला. टक्कल असं चमकलं की बायको म्हणाली, "अहो, हा तुमचा फोटो की पातेल्याचा?" मागं भिंतीवरची सावली तर माझ्यापेक्षा धिप्पाड.

सून लग्नाचे फोटो काढते. तिनं आपला कॅमेरा दिला. "बाबा, फ्लॅशचं तोंड वर करा. उजेड छताला आपटून खाली आला की मऊ पडतो."

कॅमेरा कपाटावर ठेवला, टायमर लावला, स्टुलावर ताठ बसलो. फटाक! सावली नाही, चमक नाही. पण आमचं छत हिरवंगार. कामावरचा उरलेला रंग मीच फासला होता. उजेड तोच रंग घेऊन खाली उतरला. फोटोत मी कोवळ्या दुधी भोपळ्यासारखा.

"बाबा, हा पाठवू नका हं."

"नियमात रंगाचं काही लिहिलंय का?" म्हटलं, आणि पाठवला. तासाभरात मंजूर!

लायसन बघून मालक म्हणाला, "हा तू नाहीस." तसाच कचेरीत गेलो. तिथल्या बाईंनी फोटो बघितला, मग मला बघितलं.

"फोटो बरोबर आहे. चेहरा चुकलाय."

"बाई, जन्मापासून हाच आहे."

"त्याची आमच्याकडे नोंद नाही. हिरव्याची आहे."

घरी येऊन छत पांढरं केलं, पुन्हा फोटो काढला. झकास आला. नामंजूर. कारण काय, तर नोंदीतल्या चेहऱ्याशी जुळत नाही.

बाई म्हणाल्या, "साक्षीदार आणा. हिरवा तो हाच, असं लिहून देणारा. मात्र त्याचा स्वतःचा चेहरा त्याच्या कार्डाशी जुळला पाहिजे."

आठ दिवस फिरतोय. मेव्हण्याच्या कार्डावर केस आहेत, डोक्यावर नाहीत. शेजारीण कार्डच दाखवेना. साडूला तर कार्डावर त्याच्या बायकोनंही ओळखलं नाही. आणि उद्या महिनाअखेर.

तुम्ही भले दिसता. काढा बघू खिशातलं कार्ड. हं... आता एवढं करा, तोंड जरा त्यावरच्यासारखं करा.