विहिरीवरचा आकडा

गफूर मिस्त्री कोणाच्याही घरी गेले की यजमानाच्या आधी त्याच्या विहिरीवरील रहाटाची प्रकृती तपासत, आणि तीही हातोड्याने. लातूर जिल्हा नुकताच वेगळा झाला होता. कचेऱ्यांच्या पाट्यांचा रंग अजून ओला होता. पाऊस मात्र जुन्या जिल्ह्यातच मागे राहिला असावा. अशा दिवसांत हे गृहस्थ गल्लीत शिरले की सुना धावत जाऊन विहिरीपुढे आडव्या उभ्या राहत.

एका एकादशीला मी अभिषेकासाठी पाणी शेंदण्यास निघालो, तोच ते समोर आले.

"सलाम गुरुजी. जरा बाजूला सरका."

मी सरकलो, हे माझे पाप. रहाट ज्या आकड्यावर टांगला होता, त्यावर हातोडा पडला. आकड्याचे दोन तुकडे झाले आणि रहाट, दोर, घागर असे सारे माझ्या डोळ्यांदेखत तळाला गेले. एवढी स्तोत्रे मुखोद्गत, पण मुखातून निघाले ते "अरे, अरे!" एवढेच.

घरातून सौभाग्यवती कडाडल्या, "मेल्या, देवाचं पाणी बुडवलंस की रे!"

"भाभी, शिव्या मागून द्या. आधी ह्यो तुकडा बघा. हे नरम केलेलं बिडाचं लोखंड, वाकाया पायजे, बिस्किटावानी तुटलं! वरून चांदी, आतून खापर."

"तुम्हाला काय ठाऊक?" मी कसाबसा उद्गारलो.

"म्याच केलाय न्हवं!"

हा दुसरा आघात. मिस्त्री पूर्वी नांदेडच्या एका कारखान्यात भट्टीवर होते. तेथे हे आकडे लाल तापवून पाण्यात विझवीत आणि मगच वितळलेल्या जस्तात बुडवीत. न विझवता बुडवले, तर त्या जस्ताच्या आचेने लोखंड आतून ठिसूळ होते.

"मग विझवले का नाहीत?"

मिस्त्री विहिरीच्या काठावर बसले.

"मोठा दुष्काळ होता, गुरुजी. आकडे विझवायच्या हौदासाठी ट्यांकर आला, तर समोरच्या वस्तीतल्या बाया घागरी घेऊन फाटकाशी उभ्या. म्या पाइप घागरीत धरला. हौद कोरडाच राहिला. माल तसाच जस्तात घातला. मालकाला सांगाया भ्यालो."

"पुढे?"

"इस्लापूरला एक आकडा तुटला. रहाट बाईच्या खांद्यावर पडला. तिचा हात पुन्हा वर झाला न्हाई. तवापासून त्या मालातले आकडे गावोगाव हुडकून फोडतोय. तुमचा धरून पाच ऱ्हायले होते. आता चार."

सौभाग्यवती आत गेल्या. मी हलकेच विचारले, "पाणी दिल्याचा पश्चात्ताप होतो?"

"न्हाई. पाणी बराबर दिलं." ते खाली पाहत राहिले. "त्या वस्तीतली एक बाई दर बुद्धपौर्णिमेला मला खीर धाडती. लई मायेनं करती. पण तोंडात घातली, की इस्लापूरची बाई समोर येती. गिळवत न्हाई, गुरुजी. अन् तिला तसं सांगवत बी न्हाई."